घरी कोणी नाही

“काच वर घ्या साहेब, पाणी आत जाईल.”

टीव्हीतून हे वाक्य आलं तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. बाहेरची खोली बायकांनी भरली होती. आमच्या मोहल्ल्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातून एक तरी आली होती, कारण आमचा टीव्ही सगळ्यांत मोठा होता. अब्बांनी मस्कतहून पाठवलेला. आणि त्या गुरुवारी टीव्हीवर मस्कतच दिसणार होतं.

कार्यक्रमाचं नाव ‘रस्ता सोडू नका’. निरंजन देवस्थळी नावाचा एक हसरा, दाढीवाला माणूस आणि त्याचा एक विनोदी जोडीदार जीप घेऊन देशोदेशी हिंडायचे. गाड्यांची माहिती कमी आणि धमाल जास्त. एरवी आमच्यापैकी कोणी तो बघत नसे. पण ते ओमानला गेलेत हे कळल्यावर दाभोळ खाडीच्या काठच्या आमच्या काळसुरी गावात दुसरा विषय नव्हता. गावातले निम्मे पुरुष आखातात होते. बायकांनी तो मुलूख कधी पाहिला नव्हता. पाहिले होते ते नुसते फोटो. त्यात नवरा एखाद्या गाडीला टेकून किंवा कारंज्यासमोर उभा असायचा.

म्हणून त्या अर्ध्या तासात खोलीत नुसता कलकलाट होता. मशिदीचा घुमट दिसला की “हीच गो हीच, ह्यांनी फोटो धाडलेला!” समुद्र दिसला की “आपल्यासारखाच आहे की!” शेजारच्या सकीनाभाबीचा नवरा दुबईला ड्रायव्हर होता, पण तीही रस्त्यावरच्या प्रत्येक टॅक्सीत डोकावून पाहत होती. अम्मी मधोमध खुर्चीवर बसली होती. मस्कतची मानकरीण तीच. अब्बा तिथल्या एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर. एसीचं ऑफिस, हाताखाली माणसं. बायका तिला विचारत होत्या, “जैबून, ह्या रस्त्याने जातात काय ते ऑफिसला?” आणि अम्मी पाहिल्यासारखी सांगत होती, “नाही, त्यांचं ऑफिस आतल्या बाजूला.”

तिच्या शेजारी हलीमाखाला बसली होती. नात्याने अम्मीची चुलतबहीण, आणि आता माझी होणारी सासू. तिच्या इम्तियाजशी माझं तोंडी ठरलं होतं. मंगनी तेवढी व्हायची होती. मी तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि खाला घरात आली की मी उगाच ओढणी सारखी करायचे.

जीप शहर सोडून वाळवंटात शिरली. दक्षिणेतल्या सलाला शहराकडे जाणारा लांबलचक रस्ता. दोन्ही बाजूंना काही नाही. मग एक पेट्रोल पंप, बाजूला ट्रकची रांग आणि धुळीने माखलेली जीप धुवायला पुढे आलेला एक माणूस. निळा मळका झगा, पायात रबरी बूट, नाकातोंडावर घट्ट बांधलेला कपडा. फक्त डोळे दिसत होते. त्याने हातातली पाण्याची नळी उचलली आणि ते वाक्य म्हटलं.

“अरे! मराठी?” देवस्थळी जीपमधून जवळजवळ बाहेर पडला. “कॅमेरा इकडे घे, इकडे घे!”

मी ट्रे घेऊन दारातच थांबले. चेहरा दिसायची मला गरज नव्हती. आखातातल्या माणसाची पोर बाप ओळखते ती आवाजावरून. दर शुक्रवारी नमाजनंतर येणारा फोन, त्यातली खरखर, आणि त्या खरखरीतून येणारा हा आवाज. मी लहानपणापासून त्यालाच ‘अब्बा’ म्हणत आले होते.

“नाव काय दादा तुमचं?”

“नाव कशाला साहेब.”

“बरं, राहू द्या नाव. गाव?”

“कोकणात.”

“घरी कोण कोण असतं?”

नळीतून पाणी वाहत होतं.

“घरी कोणी नाही.”

“बायको? मुलं?”

“लग्न नाही केलं.”

“आईवडील?”

“गेले.”

“मग इतक्या लांब, ह्या उन्हात, कोणासाठी राबताय हो?”

त्याने खाली पाहिलं. “सवय झाली,” तो म्हणाला. मागे बासरी सुरू झाली. देवस्थळीने त्याला मिठी मारली, चिवड्याचं पाकीट हातात दिलं आणि कॅमेऱ्याकडे वळून ओल्या डोळ्यांनी म्हणाला, “वाळवंटातला आपला एकटा मराठी माणूस.” तीच अक्षरं खाली पडद्यावर आली.

मघापासून ज्या बायका प्रत्येक दगडावर काहीतरी बोलत होत्या, त्या सगळ्या आता नुसत्या टीव्हीकडे बघत होत्या. फार लक्ष देऊन बघत होत्या, कारण मान वळवली असती तर अम्मी दिसली असती.

अब्बांचा आवाज मोहल्ल्यात कोणाला ठाऊक नव्हता? दोन वर्षांनी एकदा यायचे तेव्हा मशिदीत बांग तेच द्यायचे.

हलीमाखालाने शेवटी विचारलंच. हळू, जणू मिठाचं विचारतेय. “जैबून, हे आपले याकूबभाई तर नाहीत?”

अम्मी हसली. ते हसू मला अजून आठवतं. “काहीतरीच काय! मेहरूचे अब्बा कशाला तिथे जातील? ते मस्कतला. आवाज जरा तसा वाटतो खरा.” मग माझ्याकडे वळून, “मेहरू, चहा निवतोय गो.”

मी चहा फिरवला. प्रत्येकीने कप घेताना माझ्याकडे न बघता घेतला. सकीनाभाबी म्हणाली, “बिचारा कोण असेल कोण जाणे.” दुसरी म्हणाली, “आवाज सारखे असतात माणसांचे.” सगळ्याजणी अम्मीच्या मदतीला धावल्या होत्या, आणि त्या मदतीने माझे कान तापून लाल झाले. कार्यक्रम संपायच्या आत एकेकीला घरची कामं आठवली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी नेहमीच्या वेळेला फोन वाजला. अम्मी बोलत होती आणि मी रिसीव्हरला कान लावून उभी होते. नेहमी तसंच करायचो आम्ही.

“तब्येत बरी?” अब्बांनी विचारलं.

“बरी. तुमची?”

“मजेत. ऑफिसात काम जरा वाढलंय.” खरखर. “तांदूळ आणला?”

“आणला.”

“हलीमाबी काय म्हणतात?”

“बऱ्या आहेत. मंगनीचं विचारत होत्या.”

मग ते गप्प बसले. लांबच्या फोनवर कोणी गप्प बसत नाही, मीटर पडत असतो. मग म्हणाले, “टीव्ही चालतो ना नीट?”

मला एकदम आठवलं, गेले कित्येक शुक्रवार ते हेच विचारत होते. टीव्ही चालतो का, केबल लागते का. एकदा म्हणाले होते, पोरीची परीक्षा आहे, थोडे दिवस केबल काढूनच टाक. आम्हाला वाटलं होतं, अभ्यासाची काळजी.

अम्मीने माझ्याकडे पाहिलं नाही. “टीव्ही ना? तो बिघडलाय,” ती म्हणाली. “आठवडा झाला. नुसत्या मुंग्या दिसतात.”

पलीकडून श्वास सुटल्याचा आवाज आला. इतका मोठा, की खरखरीतूनही ऐकू आला.

“असू दे, असू दे,” अब्बा म्हणाले. “आल्यावर मी बघेन. घाई नको करू दुरुस्तीची.”

फोन ठेवून अम्मी आत गेली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच होती ती. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. मला विचारायचं होतं, तू कधीपासून ओळखून होतीस? टीव्ही बघतानाच, की त्याच्याही आधी? पण ती पाठमोरी बसून इतक्या जोराने घासत होती की मी तशीच परत फिरले. शनिवारी कॉलेजला जाताना मी नेहमीचा मशिदीवरचा रस्ता सोडून खाडीकडून गेले. चिखलातून. वर्गात मुली गुरुवारच्या कार्यक्रमाविषयी बोलत होत्या. “तो गाडी धुणारा बघितलास? मला रडूच आलं,” माझ्या बाकावरची म्हणाली. मी म्हटलं, “आमचा टीव्ही बिघडलाय.” बोलल्यावर माझ्या लक्षात आलं, मीही आता अम्मीचंच खोटं बोलतेय, आणि ते किती सहज आलं.

एकदा टीव्ही बिघडलाय म्हटल्यावर तो बिघडलेला ठेवणं आलं. अम्मीने त्याच्यावर चादर टाकली. त्याचाच परिणाम असा झाला की पुढच्या गुरुवारी हलीमाखालाचं बोलावणं आलं. “तुमचा बंद आहे ना, मग आमच्याकडे या. आज थेट प्रक्षेपण आहे, लोकांचे फोन घेणार आहेत.”

न जाणं म्हणजे कबूल करणं. अम्मीने इस्त्रीची साडी नेसली आणि आम्ही वरच्या मोहल्ल्यात गेलो.

खालाच्या घरी त्याच सगळ्या बायका होत्या. आज कलकलाट नव्हता. आम्हाला पुढची जागा दिली गेली. टीव्हीत एक स्टुडिओ होता, समोर टाळ्या वाजवणारी माणसं, आणि देवस्थळीच्या मागे भिंतभर मोठा करून लावलेला फोटो. निळा झगा, नळी, कपड्यावरचे दोन डोळे. वाळवंट, समुद्र, जीप, घुमट हे सगळं सोडून महाराष्ट्राला आठवला होता तो हा एकच माणूस. देवस्थळी सांगत होता की आठवडाभर त्यांच्या ऑफिसात दुसऱ्या कशाविषयी फोनच आला नाही.

पहिला फोन अकोल्याच्या एका म्हातारीचा होता. “माही दोन्ही पोरं अमेरिकेत हायत. घर रिकामं हाय,” ती रडत रडत म्हणाली. “त्याले म्हणा, बापू, अकोल्याले ये. मी त्याले पुरणपोळी करून घालतो. कोणी नाही कसं म्हणते तो? मी हाव ना!”

स्टुडिओत टाळ्या. मग सोलापूरच्या एका दुकानदाराने त्याचं विमानाचं तिकीट काढायची तयारी दाखवली. इचलकरंजीच्या एका मुलाने त्याच्यावर केलेली कविता म्हणून दाखवली. एकाने विचारलं, एवढा राबणारा माणूस आणि एकाही नातेवाइकाला त्याची आठवण येऊ नये, काय म्हणावं अशा लोकांना? देवस्थळीने मान हलवली. “खरंय,” तो म्हणाला. “खरंय.”

अम्मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

त्यानंतर नाशिकच्या बाजूची एक बाई फोनवर आली. आवाज सभ्य, थोडा घाबरलेला. “मी... मी बालवाडीत शिकवते. माझे मालक वारले, मूलबाळ नाही. त्या गृहस्थांना राग येणार नसेल तर... त्यांना विचाराल का? माझी काही अपेक्षा नाही. दोघांना सोबत होईल.”

स्टुडिओ उसळला. माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. विनोदी जोडीदाराने तोंडाने सनई वाजवली. देवस्थळी डोळे पुसत म्हणाला, “ताई, आम्ही स्वतः वरात काढू. जीपमधून!”

आमच्या खोलीत कोणीतरी हसलं. सवयीने हसलं, वाईट हेतूने नाही. मग तेही थांबलं. मी जमिनीकडे बघत होते. मला वाटत होतं, हे इथेच संपू दे, लाइट जाऊ दे.

अम्मी उठली.

“हलीमा, फोन कुठे आहे तुझा?”

“जैबून, बस ना.”

“फोन कुठे आहे?”

फोन खिडकीशी होता, सगळ्यांच्या समोर. अम्मी तिथे गेली. तिला आकडे वाचता येत, पण पडद्यावरचा नंबर भराभर सरकत होता. “मेहरू, लाव,” ती म्हणाली.

“अम्मी, नको. घरी जाऊया.”

“लाव गो.”

मी नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. सगळा महाराष्ट्र त्याच नंबरवर होता. अम्मीने रिसीव्हर माझ्या हातून घेऊन कानाला लावला आणि त्या टूं टूं आवाजातच बोलायला लागली. कदाचित सराव म्हणून. कदाचित तिला कळलंच नसेल की लागला नाही.

“हॅलो. मी जैबुन्निसा याकूब सरखोत बोलते, काळसुरीहून. ते एकटे नाहीत. त्यांचं लग्न झालेलं आहे. मी आहे. मुलगी आहे, मेहरुन्निसा, ती मास्तरीण होणार आहे. त्यांची आई माझ्या मांडीवर गेली. आम्हाला त्यांची आठवण येते. त्या बाईंना सांगा, त्या चांगल्या आहेत, पण ते एकटे नाहीत. कोणी नाही असं नाही.” मग जरा थांबून, “हॅलो?”

टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या होत्या. एका गोऱ्या बाळाला पावडर लावत होते.

हलीमाखाला उठली. तिने अम्मीच्या हातून रिसीव्हर काढून जागेवर ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. “बस गो आता,” ती म्हणाली. “आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं.”

“मग बोलावलंस कशाला?” अम्मीने विचारलं.

मला वाटतं खालाने ठरवून काही केलं नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं, आम्ही कुठवर नाही म्हणतो. आता बघून झाल्यावर तिचं तोंडही उतरलं होतं. खोलीतल्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. आम्ही चपला घालून निघालो तेव्हा दारापर्यंत सोडायला सकीनाभाबी तेवढी आली. ती माझा हात धरून म्हणाली, “मेहरू, आमचे हे खरंच ड्रायव्हरच असतील ना गो?”

त्या शुक्रवारी मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात नवऱ्याला तोच प्रश्न विचारला गेला. तुम्ही नक्की काय करता? पुरुष आधी चिडले, मग कारण विचारू लागले, आणि दुपारपर्यंत दुबई, कुवेत, दोहा, ओमान सगळीकडे आमच्या घरची गोष्ट पोचली. सकीनाभाबीचा नवरा ड्रायव्हरच निघाला. हे सांगायला ती धावत आमच्याकडे आली, दारात थबकली, आणि तिथूनच परत गेली. तिला तिच्या आनंदाची लाज वाटली असावी.

आमचा फोन मात्र त्या शुक्रवारी वाजला नाही. पुढच्याही नाही.

‘रस्ता सोडू नका’वाले त्यानंतर श्रीलंकेला गेले. तिथे जोडीदाराला माकडाने ओरबाडलं आणि लोकांचे सगळे फोन त्या माकडाविषयी यायला लागले. वाळवंटातल्या माणसाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. अकोल्याच्या आजी आणि नाशिकच्या त्या बाई किती दिवस वाट बघत राहिल्या असतील, असं माझ्या मनात येई. त्यांचा काही दोष नव्हता. त्या दोघी खऱ्या होत्या.

अब्बा रमजानच्या तोंडावर आले. न कळवता, दापोलीहून दुपारच्या एसटीने. आखातातून माणूस येतो तो भाड्याच्या गाडीने, टपावर दोऱ्यांनी बांधलेल्या पेट्या घेऊन, आणि मोहल्ला गोळा होतो. अब्बांच्या हातात एक बॅग होती. थांब्यावरून घरापर्यंत ते खाडीच्या वाटेने आले, त्याच चिखलातून. मी दार उघडलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पाय धुवायला पाणी दे.”

अम्मीने जेवण वाढलं. मग अब्बा म्हणाले, “टीव्ही बिघडलाय म्हणालीस.”

“तुम्हीसुद्धा म्हणायचात, ऑफिसातला एसी फार थंड करतो म्हणून.”

ते हसले की काय मला कळलं नाही, मान खाली होती. त्यांच्यात त्याविषयी एवढंच बोलणं झालेलं मी ऐकलं.

माझ्याशी ते बोलले पुढे केव्हातरी, परसात. कुंपणाची जुनी, माडाच्या झावळ्यांची झापं काढून ते नवी बांधत होते आणि मी सुंभाचे तुकडे देत होते. मध्येच म्हणाले, “ते तसं नव्हतं, मेहरू.”

“काय?”

“आधी सगळं खरं सांगितलं होतं मी. मराठी ऐकलं आणि वेडाच झालो. नाव सांगितलं, गाव सांगितलं. तोंडाला कपडाही नव्हता. तुझं नाव सांगितलं. म्हटलं, पोरगी डी.एड. करते, आमच्या घरातली पहिली मास्तरीण. तो देवस्थळी चांगला माणूस, त्याने पाठ थोपटली. गाडी धुतली, ते निघाले. आणि मग माझ्या डोक्यात आलं, हे टीव्हीवर लागणार. तुम्ही बघणार. हलीमाबी बघणार.”

त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली.

“धावलो गाडीमागे. हात जोडले. म्हटलं, साहेब, हे नका दाखवू, पोरीचं लग्न ठरतंय, गावात मला सुपरवायझर समजतात. ते म्हणाले, काळजी नको, काढून टाकतो. पण मग आपसात बोलले. म्हणाले, दृश्य चांगलं झालंय, वाया जाईल. पुन्हा घेऊ. या वेळी तोंड बांधा, नाव सांगू नका, घरचं काही सांगू नका. मी म्हटलं, मग सांगू काय? तर म्हणाले, घरी कोणी नाही म्हणा. सोपं पडेल.”

“आणि तुम्ही म्हणालात?”

“चारपाच वेळा म्हणावं लागलं. पहिल्यांदा मला हसूच आलं. त्यांनी सांगितलं, हसू नका, हळू बोला. मग जमलं.” थोड्या वेळाने म्हणाले, “गाडी मघाशीच धुतली होती. तिच्यावर वाळू टाकून पुन्हा धुतली.”

मी सुंभ देत राहिले.

इम्तियाजशी लग्न झालं नाही. हलीमाखाला वाईट वागली असं मी म्हणणार नाही. ती दोनदा येऊन बसली, म्हणाली, मुलाचे चुलते ऐकत नाहीत, जरा थांबूया. थांबलो आणि मग दोन्ही घरांनी तो विषय सोडून दिला. अब्बा परत गेले नाहीत. दापोलीच्या गॅरेजमध्ये गाड्या धुवायचं काम त्यांनी धरलं आणि ते कोणापासून लपवलं नाही. पण मशिदीत बांग द्यायला ते पुन्हा उभे राहिले नाहीत. लोकांनी आग्रह केला तर म्हणायचे, घसा धरलाय.

मला नोकरी लागली, आणि दोन वर्षांनी चिपळूणच्या नासिरशी माझं लग्न झालं. त्यांच्या घरच्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. सासऱ्यांनी हौसेने व्हिडिओ शूटिंग ठेवलं होतं. तेव्हा कॅमेऱ्याबरोबर एक मोठा दिवा असायचा आणि त्याची लांब वायर मांडवभर फिरायची. शूटिंगवाला एकटाच आला होता. तो आत शिरला, दिवा लागला, आणि अब्बा खुर्चीवरून उठले. सुरुवातीला ते एका खांबामागे गेले. दिवा तिकडे वळला. मग ते जेवणाच्या पंगतीकडे गेले. दिवा तिकडेही आला. मी स्टेजवर बसून बघत होते. शेवटी त्यांना जागा सापडली. त्यांनी शूटिंगवाल्याला सांगितलं, वायर कोणाच्या पायात येईल, मी धरतो. आणि संपूर्ण लग्नभर मुलीचा बाप शूटिंगवाल्याच्या मागे वायर उचलून चालत राहिला. कॅमेरा जिथे बघू शकत नाही अशी ती एकच जागा होती.

पुढच्या महिन्यात सासरी सगळे मिळून कॅसेट बघायला बसले. निकाह, जेवणं, पाहुणे, एकेकाचे चेहरे. माझी धाकटी नणंद बराच वेळ शोधत होती. “भाबी, तुमचे अब्बा कुठेच दिसत नाहीत!”

“असतील,” मी म्हटलं.

मग रुखसतीचा भाग आला. पडद्यावर मी अम्मीच्या गळ्यातून सुटले, गाडीच्या दारापाशी थांबले, वळले, आणि ओल्या डोळ्यांनी थेट समोर पाहिलं. खूप वेळ. इतका वेळ की शूटिंगवाल्यालाही वाटलं असेल, हे दृश्य चांगलं झालं.

“अय्या, भाबी कॅमेऱ्यात बघून रडतायत!” नणंद म्हणाली, आणि सगळे हसले.

मीही हसले. त्यांना सांगावं असं तोंडाशी आलं होतं. पण अब्बांनी इतक्या मेहनतीने जी जागा शोधली होती, तिथून त्यांना बाहेर ओढून सगळ्यांसमोर उभं करण्याचा धीर मला झाला नाही.